लेकीच्या मागून, लेखच्या काठाने

"बाबा, तुम्हाला धरण नसलेली नदी दाखवते," असं लेक फोनवर म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं उत्तर निघालं ते खात्यातल्या माणसाचं : "म्हणजे सगळं पाणी वायाच जातंय की."

चौतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली. खात्याचं नाव नंतर जलसंपदा झालं, पण आमच्या सांगलीत लोक अजून पाटबंधारेच म्हणतात. सांगलीच्या माणसाला नदी शिकवावी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे नमस्काराऐवजी "किती फूट?" असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्यामुळे निवृत्त झाल्यावर लेकीकडे म्युनिकला गेलो तरी डोळा फूटपट्टीचाच होता.

नदीचं नाव लेख. शेवटचं अक्षर 'ख' आणि 'श' यांच्या मधलं कुठलं तरी आहे, ते मला आठ दिवसांत एकदाही जमलं नाही. मी 'लेक'च म्हणत राहिलो, आणि लेकीने दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणं सोडून दिलं. ऑस्ट्रियाच्या फोरार्लबेर्ग प्रांतात डोंगरात उगम, मग टिरोलमधलं लांबलचक खोरं, मग जर्मनीत बव्हेरियाच्या सपाटीवर उतरून पुढे डॅन्यूबला संगम. उगमाजवळच्या फॉर्मारिन तलावापासून फ्युसेन गावातल्या धबधब्यापर्यंत 'लेखवेग' नावाची पायवाट आहे, साधारण १२५ किलोमीटरची. २०१२ साली ती खुली झाली. आल्प्समधल्या शेवटच्या काही मोकळ्या नद्यांत लेखच्या टिरोलमधल्या भागाचं नाव घेतात.

२०२३ चा जून संपत आला होता. इकडे पालख्या वाटेवर होत्या. आमची ही गुडघ्यांमुळे घरीच थांबली होती. तिने फोनवर ऐकवलंच, "जन्मात कधी आळंदी ते पुणे चालला नाहीत, आणि परक्या मुलखात सव्वाशे किलोमीटर?" पण माझ्यासोबत तिने आधीच दोन किलो भडंग, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी धाडली होती. लेकीने सॅक भरताना भडंगापैकी दीड किलो बाहेर काढलं. सॅक पाठीवर घेतल्यावर कळलं की तिचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी भडंग संपलं तेव्हा वाटलं की माझंही चुकलं नव्हतं.

म्युनिकहून इन्सब्रुकमार्गे रेल्वेने लांगेन आम आर्लबेर्ग, तिथून बसने लेख नावाच्याच गावात, आणि तिथून डोंगरात वर जाणाऱ्या दुसऱ्या बसने फॉर्मारिन. पहिली रात्र तलावाच्या वरच्या फ्रायबुर्गर ह्युटेमध्ये. ह्युटे म्हणजे गिर्यारोहक मंडळाचं डोंगरातलं विश्रामगृह. बूट बाहेरच्या खोलीत काढायचे, गादीवर घालायची शिवलेली चादर आपली आपण आणायची, आणि रात्री दहाला दिवे बंद म्हणजे बंद. एका लांब फळीवर ओळीने गाद्या, शेजारी अनोळखी माणसं. मला तर ते लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखंच वाटलं. मी घोरतो. सकाळी शेजारच्या बाईंनी हसून "ग्रिअस डी", म्हणजे 'तुला नमस्कार', म्हटलं, त्या अर्थी त्यांनी माफ केलं असावं. लेकीने सांगितलं की डोंगरात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. म्युनिकमध्ये ज्यांना तुम्ही म्हणायचं, त्यांनाच हजार मीटरच्या वर तू म्हणायचं. उंचीवर मान-पान विरळ होतो, ही कल्पना मला फार आवडली. पण मला अरे-तुरे करायला लेकीची जीभ काही धजली नाही.

फॉर्मारिन तलाव १,७९० मीटरच्या आसपास आहे. मागे रोटे वांड, म्हणजे तांबडी भिंत, २,७०४ मीटर. जून संपत आला तरी घळींमध्ये बर्फाचे मळके पट्टे होते आणि मार्मोट, म्हणजे डोंगरातल्या लठ्ठ खारी, शिट्ट्या मारत होते. मी मात्र तलावाचा सांडवा शोधत बसलो. सापडेना. तलावाला वरून वाहणारी वाटच नाही. चुनखडीचा डोंगर, पाणी तळातून झिरपतं आणि खाली कुठे तरी बाहेर पडतं. म्हणजे देवाने बांधलेला पाझर तलावच. त्यातलं आणि आजूबाजूचं पाणी फॉर्मारिनबाख ओढ्याला मिळतं, पलीकडून श्पुलरबाख येतो, आणि दोघांची लेख होते.

इथेच मला नकाशात एक मौज दिसली. श्पुलरबाखच्या वरच्या अंगाला श्पुलर तलाव आहे, आणि त्याला दोन धरणभिंती आहेत. ऑस्ट्रियन रेल्वेने आपल्या गाड्यांच्या विजेसाठी १९२० च्या दशकात बांधलेल्या. मी नकाशा लेकीपुढे नाचवला. "हे बघ धरण! अगदी नदीच्या डोक्यावर!" ती म्हणाली, "बाबा, आठ दिवस आहेत. पहिल्या तासातच जिंकू नका."

चालण्याचं तंत्र सोपं आहे. दगडांवर, कुंपणांवर, झाडांवर पांढऱ्या 'एल'ची खूण, आणि फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या. पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. हे तास कुणाच्या पायांचे आहेत, हे मात्र लिहिलेलं नसतं. त्यांचे दोन तास म्हणजे आमचे तीन, हा हिशोब पहिल्याच दिवशी पक्का झाला.

लेख गावाच्या अलीकडे ओढा जरा सरळ वाहत होता. तिथे मी खिशातून टेप काढला. तरंगत्या काडीने विसर्ग मोजायची पद्धत प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याला शिकवतात. काठावर वीस मीटर अंतर आखायचं, काडी टाकायची, सेकंद मोजायचे, रुंदी आणि खोलीने गुणायचं, आणि पृष्ठभागावर वेग जास्त असतो म्हणून पंधरा टक्के कापायचे. लेक वरच्या अंगाला काड्या टाकत होती, मी घड्याळ धरून ओरडत होतो. पाच घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे पावणेदोनशे क्युसेक. वहीत लिहून ठेवलं. मला फार बरं वाटलं. परक्या देशात ओळखीचं माणूस भेटावं तसं.

पुढचे दोन दिवस नदी फारशी दिसलीच नाही. लेख गावाच्या खाली ती खोल घळीत शिरते आणि वाट वरून, उतारावरून जाते. वार्थ, लेखलाइटन, गेरन, प्रेंटन अशा वस्त्या. लाकडी घरं उन्हाने काळी पडलेली. या उंच खोऱ्यात मध्ययुगात वाल्सर लोक स्वित्झर्लंडच्या वालिस भागातून येऊन राहिले. खाली जागा नव्हती म्हणून वर आले आणि वरच्या कड्यांवर गवत कापून जगले. चढ-उतार बेताचे दिसतात आणि संपता संपत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फुटला. सांगलीला पाऊस आधी वर्दी देतो. इथे पाच मिनिटांत आभाळ काळं झालं आणि विजा आमच्या डोक्यावर नव्हे, बाजूला कडाडायला लागल्या. एका गोठ्याच्या वळचणीला तासभर उभे राहिलो. गाईंच्या गळ्यातल्या घंटा, शेणाचा वास, आणि भडंगाची पुडी. लेक म्हणाली, "आजोळी आल्यासारखं वाटतंय." तिचं आजोळ शिराळ्याचं.

माझे बूट नवे होते. डोंगराला जाताना नवे बूट घालू नयेत, हे मला तीन जणांनी सांगितलं होतं. श्टेगला उतरेपर्यंत डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. उतारावर बोट पुढे आपटतं, आणि त्यासाठी नाडी घोट्यापाशी वेगळी आवळायची असते. ही विद्या मला नख गेल्यावर मिळाली.

जेवणाचं थोडं सांगतो, कारण शाकाहारी माणसाला हे कुणी आधी सांगत नाही. टिरोलमध्ये सूपमध्ये चीजचे चपटे वडे घालून देतात, कास्प्रेसक्नोडल. वड्यात मांस नसतं. रस्सा बहुतेक ठिकाणी गोमांसाचा असतो. विचारून घ्यावं. मी चौथ्या दिवसापर्यंत चीजमध्ये घोळलेल्या श्पेत्सले नावाच्या शेवयांवर मेतकूट भुरभुरून जेवत होतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चव मागितली, मान डोलावली, आणि परत मागितलं.

होल्त्सगाउला झुलता पूल आहे. दोनशे मीटर लांब आणि घळीच्या तळापासून शंभर मीटरहून उंच. चालताना पायाखालच्या जाळीतून थेट खालचा ओढा दिसतो. म्युनिकमध्ये मला रस्ता ओलांडून देणारी लेक इथे एकदम गप्प झाली. मी मात्र अर्धा तास नांगरलेल्या दोरांपाशी घालवला. मग तिचा हात धरून, दोरांचा व्यास, ताण, सुरक्षा-गुणांक हे सगळं मोठ्याने समजावत पलीकडे नेलं. ती पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "तुम्ही बोलत होतात ते एक अक्षर कळलं नाही, पण बोलत राहिलात ते बरं केलंत." चौथीत असताना इंजेक्शनच्या वेळी मी तिला कालव्याचा आडवा छेद समजावला होता म्हणे. मला आठवत नाही.

त्याच घळीत सिम्सचा धबधबा आहे. मोटारगाड्यांच्या सुरुवातीच्या काळातला इंग्रज उद्योजक फ्रेडरिक सिम्स इथे शिकारीला यायचा, त्याने कडा सुरुंगाने उडवून ओढ्याला ही उडी मारायला लावली. रानटी नदीच्या खोऱ्यातला सगळ्यात देखणा धबधबा माणसाने केलेला! मी काही बोललो नाही. नुसतं लेकीकडे पाहिलं.

एल्बिगेनआल्पमध्ये लाकूड कोरण्याची शाळा आहे, आणि १८४१ साली इथे जन्मलेल्या आना श्टायनर-क्निटेल या चित्रकर्तीचं नाव आजही निघतं. सतराव्या वर्षी दोराने कड्यावर लोंबकळून तिने गरुडाचं घरटं रिकामं केलं होतं. एरवी हे काम पुरुषांचं. एका फलकावर 'श्वाबनकिंडर'बद्दल वाचलं. गरीब घरांतली मुलं दर वसंतात बर्फातल्या खिंडी चालून ओलांडायची आणि जर्मनीतल्या श्वाबन भागात शेतकऱ्यांकडे हंगामभर राबायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. मला ऊसतोडीच्या टोळ्यांतली पोरं आठवली. आमच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ती दर दिवाळीनंतर येतात. आजही येतात.

पाचव्या दिवशी हेझेलगेरपासून श्टान्साखपर्यंत मी बसने गेलो. लपवण्यात अर्थ नाही. नख सुटत होतं. लेक चालत आली. वाटेत मार्टिनाउपाशी रानटी ऑर्किडचा मोठा ताटवा आहे, 'बाईचा जोडा' अशा अर्थाचं नाव, पिवळी फुगीर चपलेसारखी फुलं. तिने फोटो दाखवला. सगळी सुकून तपकिरी झालेली. आम्हाला पंधरा दिवस उशीर झाला होता.

आणि मग सहावा दिवस, श्टान्साख ते वाइसनबाख.

फोरखाखच्या झुलत्या पुलावर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. तोवर मी धरून चाललो होतो की नदीला पात्र असतं आणि पात्राला दोन काठ असतात. इथे या डोंगराच्या पायथ्यापासून जवळपास त्या डोंगरापर्यंत पांढरे गोटे पसरलेले. त्यांतून निळसर-हिरव्या धारा. एक फुटते, दोन होतात, पुन्हा एकत्र येतात, एक मधेच गोट्यांत मुरते आणि पन्नास पावलांवर परत उगवते. मी मोजायला लागलो. सात. मग आठ. मग एक आधी मोजलेली होती असं लक्षात आलं.

खिशात टेप होता. काडी कुठल्या धारेत टाकायची?

लेक थर्मासमधला चहा ओतत होती. मी विचारलं, "हिचा काठ कुठाय?" ती म्हणाली, "यंदाचा की मागच्या वर्षीचा?"

फलकावर जे लिहिलं होतं ते तिने वाचून दाखवलं, पण तसं पाहिलं तर मला ते वाचून दाखवायची गरज नव्हती. विसाव्या शतकात शेती आणि रस्त्यासाठी या नदीला दोन्ही बाजूंनी दगडी बांध आणि स्पर, म्हणजे काठापासून पात्रात काढलेले आडवे बांध, घालून मधे ढकललं. पात्र अरुंद झालं की वेग वाढतो, वेग वाढला की तळ खरवडला जातो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. वर बाजूच्या ओढ्यांवर गोटे अडवायला आडवे बंधारे घातले, खाली गोटे उपसले. म्हणजे तळ खरवडला जातोय आणि वरून भरही येत नाही. नदी आपल्याच खड्ड्यात उतरत गेली, तिच्यामागे भूजल उतरलं, काठचं जंगल वाळायला लागलं. मग २००० साली टिरोलमधली लेख युरोपच्या संरक्षित क्षेत्रांत आली आणि २००१ पासून पुढची काही वर्षं त्यांनी उलटं काम केलं. बांध मागे घेतले. स्पर काढले. हॉर्नबाखसारख्या ओढ्यावरचा बंधारा बदलून गोट्यांना वाट करून दिली.

स्पर काढले! मी आयुष्यात किती स्पर उभे केले, त्याची यादी माझ्या निवृत्तीच्या भाषणात वाचली गेली होती. काढलेला एकही नाही. काढण्याचं अंदाजपत्रक कुठल्या शीर्षाखाली टाकतात, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

झाडीत थोडं मागे गेलो तर जुन्या बांधाचे घडीव दगड शेवाळाखाली ओळीत पडलेले सापडले. चांगलं काम होतं. सांधे अजून घट्ट. ज्याने ते रचले त्याने झोप घेऊन रचले नव्हते. मी त्यावर बराच वेळ बसलो. लेकीला वाटलं नख दुखतंय.

गोट्यांवर उतरायला ठिकठिकाणी मनाई होती, कारण तिथे पक्ष्यांची अंडी असतात. चिखल्याच्या जातीतला, गळ्यात काळा कंठा असलेला छोटा पक्षी उघड्या गोट्यांतच अंडी घालतो. अंडी गोट्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. जिथे मुभा होती तिथे उतरलो तर करड्या-हिरव्या झुडपांचा एक पुंजका दिसला. जर्मन टॅमरिस्क, आपल्या झाऊच्या कुळातलं. त्याचं बी ताज्या, उघड्या गोट्यांवरच रुजतं. नदीने दर काही वर्षांनी सगळं उलथवलं नाही, तर विलो येतात आणि त्याला सावलीत मारतात. म्हणजे पूर आला की त्याचं घर जातं, आणि पूर आला नाही तर वंश जातो. मी हे दोनदा विचारून घेतलं.

त्या रात्री खिडकी उघडी ठेवून झोपलो. बर्फ वितळून पाणी चढलं होतं, आणि पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, दूर कुठे बैलगाडी चालल्यासारखा. तळातले गोटे सरकत होते.

रॉइटेच्या अलीकडे ज्या घरात उतरलो, तिथले यजमान सत्तरीचे. जेवणघराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर रेघ आणि खाली लिहिलेलं : ऑगस्ट २००५. लेखचा पूर. मी ताडकन उभा राहिलो. २००५! तोच पावसाळा आमचा. मी तेव्हा पंधरा दिवस कपडे न बदलता ड्यूटीवर होतो, घरात आमची ही लेकीला घेऊन माडीवर. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे किती चढलं होतं? मी सांगितलं, पुलावरच्या पट्टीला त्रेपन्न फुटांच्या वर. लेकीने मीटर करून सांगितलं, सोळा. त्यांनी तिला परत विचारलं. सोळा? मग त्यांनी काही न बोलता घरची फळांची दारू दोन पेल्यांत ओतली. मी घेत नाही. त्या रात्री घेतली. हिला सांगितलेलं नाही.

मी त्यांना विचारलं की बांध मागे घेतले तेव्हा तुमच्या गावाने मान्य केलं? ते म्हणाले, भांडण झालं. कुणाची कुरणं होती. मग पूर आला, आणि वर जिथे नदीला जागा दिली होती तिथे ती पसरली. तरी माझ्या भिंतीवर रेघ आहेच, असं म्हणून त्यांनी रेघेवर टिचकी मारली.

शेवटचा दिवस लवकर उरकतो. पिन्सवांग, मग जंगलातून चढ, सरहद्द ओलांडल्याचं कळतही नाही, आणि आल्प तलावापाशी उतरलं की एकदम जत्रा. बव्हेरियाच्या राजांचे किल्ले, बसेस, आइस्क्रीम. आठ दिवस "ग्रिअस डी" करणाऱ्या माणसांतून आलेले आम्ही तिथे सगळ्यांना नमस्कार करत सुटलो आणि कुणीच उत्तर देईना.

फ्युसेनला वाट संपते ती धबधब्यापाशी. लेखफाल. बारा मीटरचा, पायऱ्यापायऱ्यांचा, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. होय, तोही बंधाराच! अरुंद खडकातून फेस होऊन पाणी खाली जातं आणि पुढे काही किलोमीटरवर फोर्गेन सरोवर. १९५४ सालचं धरण, हिवाळ्यात रिकामं करतात, उन्हाळ्यात भरतात. फोर्गेन नावाची वस्ती पाण्याखाली गेली, तेच नाव सरोवराला. तिथून खाली लेख म्हणजे एकापुढे एक बंधारे, थेट डॅन्यूबपर्यंत. पुलाच्या कठड्याला टेकून मी सांडव्याच्या पायऱ्या मोजल्या. सवयच. लेक म्हणाली, "खूश? सापडलं तुमचं धरण." मी हो म्हटलं.

त्या दिवशी आषाढी होती. उपासाला उकडलेले बटाटे आणि ताक एवढंच मिळालं, ते पोटभर खाल्लं. संध्याकाळी हिचा व्हिडिओ कॉल आला. मागे टीव्हीवर पंढरपूर. मी फोन फिरवून धबधबा दाखवला. तिने चष्मा वर केला, जवळून पाहिलं, आणि अस्सल सांगलीकराचा प्रश्न विचारला.

"किती फूट आहे हो?"

"मोजलं नाही."

"मग आठ दिवस तिथं केलंत तरी काय?"